प्रदेश कार्यकारिणीची निकालानंतरची बैठक पुण्यात आहे : विषयपत्रिका, ठराव, समीक्षा कशी बसवावी?

कार्यालय_सचिव

नमस्कार मंडळी. राज्यमान्यता असलेल्या एका पक्षाच्या प्रदेश कार्यालयाचं काम बघतो. पक्षाचं नाव इथे महत्त्वाचं नाही. विधानसभेचा निकाल लागून पाच दिवस झाले, जागा चांगल्या वाढल्या, चाळीस आमदार आले. प्रदेश कार्यकारिणीची एक दिवसाची बैठक पुण्यात घ्यायचं ठरलं आहे, बरोबर तीन आठवड्यांनी. कार्यकारिणी सदस्य, जिल्हाध्यक्ष, नवे आमदार, पराभूत उमेदवार असे सगळे मिळून ३०० जण धरले आहेत.

आत्ताचा कच्चा कार्यक्रम असा : ११ वाजता स्वागत, आमदारांचा सत्कार, अभिनंदनाचा ठराव, भाषणं, जेवण, दुपारी निकालाची समीक्षा, ५ वाजता समारोप. विधिमंडळातला गटनेता आणि प्रतोद (आमदारांना पक्षादेश म्हणजे व्हिप बजावणारा) यांची निवडही याच बैठकीत उरकावी असं काहींचं म्हणणं आहे.

विचारायचं आहे ते असं. कायद्याच्या दृष्टीने कोणते ठराव या बैठकीत यायलाच हवेत? समीक्षेला कोणती आकडेवारी तयार ठेवावी? आपल्यातून बंडखोरी करून अपक्ष निवडून आलेले दोघं 'घरी परत यायचंय' म्हणतात, त्यांना मंचावर घ्यावं का? आणि पुण्यात सभागृह, परवानग्या, जेवण यात काय चुकतं?

घटना_आणि_नियम

अभिनंदन. पण विषयपत्रिका आधी मोडा, कारण तुम्ही तीन वेगळ्या बैठका एकात कोंबल्या आहेत.

विधिमंडळ पक्षाची म्हणजे फक्त आमदारांची बैठक वेगळी, कार्यकारिणीची वेगळी, सत्काराचा मेळावा वेगळा. गटनेत्याची निवड तीन आठवडे थांबूच शकत नाही. शपथविधी आणि विधानसभा अध्यक्षांची निवड यासाठी सभागृह कधीही बोलावलं जाईल, त्याआधी गटनेता ठरलेला हवा. ती बैठक मुंबईत लगेच घ्या, सगळ्या आमदारांच्या सह्या घ्या. सभागृहाच्या पहिल्या बैठकीपासून ३० दिवसांत गटनेत्याने विधानसभा अध्यक्षांकडे आमदारांची यादी आणि पक्षाच्या घटनेची प्रत द्यायची असते, हे पक्षांतरबंदीच्या नियमांतलं काम आहे. प्रत्येक आमदाराचा स्वतःचा नमुनाही भरून द्यावा लागतो आणि नवे आमदार तोच विसरतात.

प्रतोदाच्या बाबतीत ११ मे २०२३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल (शिवसेना फुटीवरचा सुभाष देसाई खटला) नीट वाचा. प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. म्हणून आमदारांनी नाव सुचवलं तरी नेमणुकीचं पत्र प्रदेशाध्यक्ष किंवा तुमच्या घटनेत ज्याला तो अधिकार दिला असेल त्याच्या सहीने निघालं पाहिजे आणि त्याची नोंद पक्षाच्या दप्तरात हवी. पुण्याच्या बैठकीत या नेमणुकांना कार्यकारिणीची मान्यता घ्या, तारखेसह.

दुसरी गोष्ट घटनेची. तुमच्या घटनेत गेल्या काही वर्षांत दुरुस्त्या झाल्या असतील तर त्या निवडणूक आयोगाला पाठवल्या होत्या का, पोच आहे का, ते आजच बघा. शिवसेनेच्या वादात २०१८ची दुरुस्त घटना आपल्या दप्तरी नसल्याचं आयोगाने फेब्रुवारी २०२३च्या आदेशात म्हटलं आणि जानेवारी २०२४मध्ये विधानसभा अध्यक्षांनी १९९९ची घटना ग्राह्य धरली. कुणाची बाजू बरोबर हा विषय वेगळा. कार्यालय सांभाळणाऱ्याने लक्षात ठेवायचं ते एवढंच की पोच नसलेला कागद ऐन वेळी कामाला येत नाही. पदाधिकारी, मुख्य कार्यालय, पत्ता यांतला बदलही आयोगाला विनाविलंब कळवायचा असतो, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ मध्ये ते आहे.

यश मिळालं की हमखास एक ठराव येतो : 'पुढील सर्व निर्णयांचे अधिकार अध्यक्षांना देण्यात येत आहेत.' टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो आणि पुढे तोच गळ्यात येतो. कोणते अधिकार, किती मुदतीपर्यंत, घटनेच्या कोणत्या कलमान्वये, हे त्यात लिहिलंच पाहिजे. घटनेने एखादा अधिकार प्रतिनिधी सभेकडे ठेवला असेल तर कार्यकारिणी तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. काँग्रेस फुटीवरच्या १९७१च्या सादिक अली निकालापासून पक्षातले वाद पक्षाची घटना आणि संघटनेतलं बहुमत या कसोट्यांवरही तपासले जातात. अशा वेळी हजेरीपट, नोटीस आणि इतिवृत्त हाच पुरावा असतो.

आता बंडखोर. इथे फार जपा. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे (पक्षांतरबंदी) अपक्ष म्हणून निवडून आलेल्या सदस्याने निवडणुकीनंतर कोणत्याही पक्षात प्रवेश केला तर तो अपात्र ठरतो. त्याला सहा महिन्यांची सवलत नाही, ती फक्त नामनिर्देशित सदस्यांना आहे. त्यामुळे त्यांच्या गळ्यात उपरणं घालू नका, 'पक्षप्रवेश' असा शब्द फलकावर किंवा प्रेसनोटमध्ये येऊ देऊ नका. त्यांची हकालपट्टी किंवा निलंबन झालं असेल तर ते मागे घेतल्याचा ठरावही करू नका, कारण तो सदस्यत्व परत दिल्याचा लेखी पुरावा होईल. त्यांनी पाठिंब्याचं पत्र द्यावं, स्वतःला अपक्षच म्हणवावं आणि कार्यकारिणीच्या बैठकीला येऊ नये. भेटायचं तर आदल्या दिवशी भेटा. प्रेमापोटी केलेल्या सत्काराचा फोटो उद्या अपात्रतेच्या अर्जाला जोडला जाईल आणि त्यात नुकसान त्यांचंच आहे.

नोटिशीची मुदत घटनेत किती आहे ते बघा. १५ दिवस असेल तर तुमच्याकडे हातात सहाच दिवस आहेत.

फॉर्म_वीस

समीक्षेबद्दल लिहितो. जेवणानंतर ३०० माणसांच्या सभागृहात समीक्षा होत नाही, तिथे फक्त भाषणं होतात. समीक्षा सकाळी घ्या आणि सहा महसूल विभागांप्रमाणे सहा गट करा : कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. प्रत्येक गटात पन्नासेक माणसं आणि दीड तास. पहिला शब्द पराभूत उमेदवारांचा, मग जिल्हाध्यक्षांचा, शेवटी आमदारांचा. आमदार आधी बोलला की बाकीचे मान डोलावतात आणि खरी माहिती खोलीतच राहते.

आकडेवारी फॉर्म २० वरून काढायची. त्यात मतदान केंद्रनिहाय प्रत्येक उमेदवाराची मतं असतात आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. टपाली मतं त्यात वेगळ्या ओळीत असतात, ती केंद्राच्या बेरजेत मिसळू नका. मतदान प्रतिनिधींकडच्या फॉर्म १७-सी च्या प्रती गोळा करून केंद्रावर नोंदलेलं मतदान आणि मोजलेली मतं जुळतात का ते ताडून पाहा. या प्रती जपून ठेवा. निकालाविरुद्ध निवडणूक याचिका ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल होऊ शकते, जिंकलेल्या जागेवरही.

तक्त्यात एवढे रकाने पुरतात : यादी भाग क्रमांक, केंद्राची इमारत, एकूण मतदार, झालेलं मतदान, आपली मतं, मुख्य विरोधकाची मतं, तिसऱ्याची मतं, नोटा. लोकसभेच्या आकड्यांशी तुलना करताना केंद्राच्या क्रमांकावर विसंबू नका. मधल्या काळात केंद्रांची फेररचना होते आणि तेव्हाचं १२७ आता १३१ झालेलं असतं. इमारत आणि यादीतल्या वस्त्यांची नावं लावून जुळवा. पुण्यात गृहनिर्माण सोसायट्यांच्या आवारातही केंद्रं आली आहेत. तिथे एका केंद्राचे मतदार फोडून दुसरीकडे गेलेले असतील तर दोन केंद्रं एकत्र धरूनच तुलना करता येते.

टक्केवारी फसवते, म्हणून एक उदाहरण करून दाखवतो. समजा एका केंद्रावर १,१०० मतदार आहेत. गेल्या वेळी ५५० मतदान झालं, आपल्याला २७५, म्हणजे ५० टक्के. यंदा ७१५ मतदान झालं आणि आपल्याला ३२२. कार्यकर्ता सांगतो, '४७ मतं वाढली.' खरं आहे, पण मतदान १६५ ने वाढलं आणि त्यातली आपल्या पदरात निव्वळ ४७ पडली. आपला वाटा ५० वरून ४५ वर आला. केंद्र जिंकलेलं असूनही पाय घसरतो आहे. अशा केंद्रांची यादी प्रत्येक जिंकलेल्या मतदारसंघात काढा.

मग जिंकलेल्या जागांचे तीन ढीग करा. पहिला, मताधिक्य तिसऱ्या उमेदवाराच्या मतांपेक्षा जास्त असलेल्या जागांचा. दुसरा, मताधिक्य त्याहून कमी असलेल्यांचा, म्हणजे मतविभागणीचा हात असू शकतो अशा जागा. तिसरा, ५,००० च्या आत मताधिक्य असलेल्यांचा. एखादी जागा दोन ढिगांत येईल, येऊ द्या. ४,००० चं मताधिक्य ऐकायला बरं वाटतं, पण २,००१ मतदार इकडचे तिकडे झाले की निकाल फिरतो. मतदारसंघात ३५० केंद्रं धरली तर केंद्रामागे सहा माणसं. हे गणित प्रत्येक नव्या आमदारासमोर कागदावर ठेवा.

कमी मतदानाचं कारण वस्तीप्रमाणे बदलतं, ते शहरात विशेष जाणवतं. कसब्यात पेठांमधल्या यादीत अशी बरीच नावं सापडतात ज्यांची कुटुंबं कोथरूड किंवा सिंहगड रस्त्याला राहायला गेली आहेत. तिथे ४५ टक्के मतदान म्हणजे उदासीनता असेलच असं नाही, यादी जुनी असू शकते. हडपसर, खडकवासल्यात उलट स्थिती : माणसं राहायला आली, नाव गावाकडच्या यादीत. दोन्हीकडे उपाय वेगळा, म्हणून 'शहरी मतदार बाहेर पडत नाही' असं एका वाक्यात अहवालात लिहू नका.

युतीत लढला असाल तर राज्यातला मतांचा टक्का आणि लढवलेल्या जागांवरचा टक्का दोन्ही मांडा. राज्यमान्यतेच्या कसोट्यांपैकी एक आहे राज्यातल्या वैध मतांच्या ६ टक्के मतं आणि किमान दोन आमदार. तिथे मोजला जातो तो संपूर्ण राज्याचा टक्का.

जमाखर्च

सचिव साहेब, तारखेचं गणित करा. निकालाला पाच दिवस झाले, बैठक २१ दिवसांनी, म्हणजे ती निकालानंतरच्या २६व्या दिवशी येते. उमेदवाराने खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायची मुदत निकालापासून ३० दिवस आहे, जिंकलेला असो वा हरलेला. तुमच्या बैठकीनंतर हातात जेमतेम चार दिवस उरतात. हिशेब दिला नाही आणि योग्य कारणही नसेल तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. हरलेला उमेदवार नाराज असतो, हिशेबाकडे बघत नाही आणि पुढच्या वेळी अर्ज भरताना अडकतो. त्यांना आजच फोन करा, बैठकीची वाट बघू नका.

विधानसभेला उमेदवाराची मर्यादा ४० लाख. मोजला जातो तो अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च, दोन्ही दिवस धरून. म्हणजे निकालाच्या संध्याकाळची मिरवणूक त्यात येते, पुण्यातला सत्कार येत नाही. सत्काराचा खर्च पक्षाच्या वार्षिक हिशेबात जाईल.

सगळ्यात जास्त घोळ एकाच ठिकाणी होतो. पक्षाने उमेदवाराला दिलेली रक्कम पक्षाच्या वहीत १० लाख आणि उमेदवाराच्या नोंदवहीत ७ लाख. उरलेले तीन लाख कार्यालयाने परस्पर छापखान्याला दिलेले असतात आणि उमेदवाराला पत्ताच नसतो. उमेदवारांना दिलेल्या रकमांचं विवरण पक्षालाही ३० दिवसांत द्यायचं आहे आणि पूर्ण खर्चाचं विवरण विधानसभेसाठी निवडणूक पूर्ण झाल्यापासून ७५ दिवसांत. दोन कागद एकमेकांशी जुळले नाहीत तर खुलासे करत बसावं लागतं. म्हणून प्रत्येक उमेदवाराला एक पानाचं पत्रक पाठवा : तारीख, धनादेश किंवा आरटीजीएस क्रमांक, रक्कम, परस्पर दिलेलं साहित्य आणि त्याची किंमत. सही करून चार दिवसांत परत मागवा. बैठकीच्या दिवशी सभागृहाबाहेर दोन हिशेबनीस बसवा, न जुळलेली पत्रकं तिथेच मिटवा.

स्टार प्रचारकांच्या सभेतही बघा. मंचावर उमेदवार होता किंवा त्याचं नाव, फोटो फलकावर होता तर सभेचा खर्च त्याच्याकडे लागतो. दोन-तीन उमेदवार असतील तर तो वाटून जातो. पक्षाने सगळा आपल्याकडे दाखवला आणि निरीक्षकांच्या नोंदीत तो उमेदवाराकडे असेल तर फरक निघतो.

आणि हो, विजयाच्या उत्साहात लोक देणग्या घेऊन येतात. रोख २,००० रुपयांपर्यंतच घ्या. त्यावर धनादेश किंवा ऑनलाइन, नाहीतर पक्षाची आयकरातली सूट धोक्यात येते. एकाच माणसाच्या नावाने २,००० च्या पाच पावत्या फाडणं हा मार्ग नव्हे. वर्षाला २०,००० च्या वर देणाऱ्याचं नाव, पत्ता, पॅन नोंदवा, त्याचा अहवाल आयोगाला जातो.

नारायण_पेठ

पुण्यापुरतं सांगतो.

महापालिकेची नाट्यगृहं (बालगंधर्व, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, स्वारगेटचं गणेश कला क्रीडा मंच) हवी असतील तर आधी तारीख बघा, मग नोटीस काढा. नाटकांच्या तारखा खूप आधी वाटलेल्या असतात आणि नाट्यगृह सत्रावर मिळतं. सकाळी ९ ते ५ म्हणजे दोन सत्रं. दुपारचा प्रयोग उठवून बैठक घेऊ नका, ज्यांनी तिकिटं काढली ते प्रेक्षकही मतदार आहेत. तुम्हाला सहा गटांसाठी सहा खोल्या हव्यात आणि त्या नाट्यगृहात मिळत नाहीत. मोठं मंगल कार्यालय किंवा एखाद्या संस्थेचं सभागृह अधिक वर्ग अशी जागा तुमच्या कामाला बरी. लग्नाचा मुहूर्त नसलेला दिवस धरा, म्हणजे भाडंही उतरतं आणि वाहनतळही मिळतो.

जागा स्वारगेट किंवा शिवाजीनगरच्या टप्प्यात असेल तर एसटीने आणि मेट्रोने येणाऱ्यांना सोपं जातं. ३०० माणसांच्या अंदाजे १२० गाड्या धरा, जंगली महाराज रस्त्यावर तेवढ्या लावायला जागा नाही, तिथे बैठक घेतलीत तर गाड्या दूर ठेवायची सोय आधी करा. गडचिरोली, गोंदिया, नंदुरबारचे लोक आदल्या रात्रीच येतील, त्यांची राहायची व्यवस्था पहिल्यांदा. शासकीय विश्रामगृह गृहीत धरू नका. मधेच स्थानिक स्वराज्य संस्थांची आचारसंहिता लागली तर ते राजकीय कामाला वापरता येणार नाही.

पोलिसांना पत्र स्थानिक ठाण्यात द्या, एक प्रत वाहतूक शाखेला, एक विशेष शाखेला. सुरक्षा असलेल्या नेत्यांची यादी आणि येण्याच्या वेळा त्यात लिहा. फ्लेक्ससाठी महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाची परवानगी लागते. विनापरवाना फलकांबाबत उच्च न्यायालयाचे आदेश आहेत आणि शहर विद्रूपीकरणाचा १९९५चा कायदाही आहे. सभागृहाच्या दारात एक फलक पुरे. चौकाचौकात आमदारांचे चेहरे लावणाऱ्या उत्साही मंडळींना शहराध्यक्षांनी लेखी थांबवावं, गुन्हा शेवटी पक्षाच्या नावावर दिसतो.

जेवणाचा आकडा ३०० धरलात तिथेच गडबड होईल. १२० गाड्या म्हणजे १२० चालक, शिवाय अंगरक्षक आणि पोलीस. ४५० पानं धरा. मसालेभाताला माणशी ८० ग्रॅम तांदूळ, म्हणजे ३६ किलो. पोळ्या माणशी तीन, १,३५०. जिलबी माणशी ७५ ग्रॅम धरली तर ३४ किलो. मठ्ठा ९० लिटर. पाण्याचे २० लिटरचे जार ४५. चालकांचं जेवण साडेबाराला, आतल्या लोकांच्या आधी उरका. मग बैठक सुटताना गाड्या वेळेवर दाराशी येतात आणि कुणी उपाशी राहत नाही.

कार्यालय_सचिव

मनापासून आभार. आमदारांची बैठक मुंबईत याच आठवड्यात घेण्याबद्दल अध्यक्षांशी बोललो, मान्य आहे. बंडखोर दोघांनाही निरोप दिला. अजून दोन शंका. सत्कार अजिबात वगळता येणार नाही, तो किती वेळात बसवावा? आणि समीक्षेत जिल्ह्यातल्या कोणी काम केलं नाही, कोणी आतून दुसऱ्याला मदत केली, अशी नावं येतील. ती इतिवृत्तात लिहायची का?

फॉर्म_वीस

नाव पुकारणं, चालत येणं, शाल-श्रीफळ, फोटो : माणशी दोन मिनिटं जातात. ४० आमदार म्हणजे ८० मिनिटं, तुमची सकाळ संपली. विभागवार एकत्र बोलवा, सहा विभाग, प्रत्येकी चार मिनिटं, २४ मिनिटांत होईल. आणि सत्कार दुपारी साडेतीननंतर ठेवा. सकाळी ठेवलात तर हारतुरे झाल्यावर निम्मी माणसं चहाच्या टपरीवर जातात आणि समीक्षेला रिकाम्या खुर्च्या उरतात.

पराभूत उमेदवारांनाही त्याच वेळी विभागासोबत उभं करा. त्यांनी घेतलेल्या मतांवर पक्षाचा राज्यातला टक्का उभा आहे.

घटना_आणि_नियम

इतिवृत्तात नावं नकोत. त्यात एवढंच येईल : समीक्षा झाली, सहा विभागांचे अहवाल सादर झाले, त्यावर अमुक सदस्यांची समिती नेमली, मुदत ४५ दिवस. आरोप अहवालात राहतील, अहवाल अध्यक्ष आणि समितीपुरता, प्रती क्रमांक घालून. कुणावर कारवाई करायची असेल तर घटनेतली शिस्तभंगाची पद्धत वापरा : नोटीस, म्हणणं मांडायला वेळ, मग निर्णय. बैठकीत नावं वाचून तिथल्या तिथे काढून टाकलेला माणूस दाद मागायला गेला तर 'मला ऐकून घेतलं नाही' एवढ्याच मुद्द्यावर निर्णय टिकणार नाही.

इतिवृत्ताचा क्रम नेहमीचा ठेवा : शोकप्रस्ताव, मागील इतिवृत्त कायम करणे, गटनेता व प्रतोद नेमणुकीस मान्यता, पदाधिकारी बदल, हिशेबाबाबत कोषाध्यक्षांचं निवेदन, समीक्षा, राजकीय ठराव, अभिनंदन ठराव, आयत्या वेळचे विषय. प्रत्येक ठरावाचा पूर्ण मजकूर, सूचक, अनुमोदक, एकमताने की बहुमताने. विरोध झाला असेल तर किती जणांचा ते लिहा, लपवू नका. हजेरीपटावर सही सकाळी घ्या आणि जेवणानंतर दुसऱ्यांदा घ्या, ठराव दुपारी होणार असतील तर गणपूर्ती त्या वेळची मोजली जाते. निमंत्रित आमदार आणि उमेदवार यांचा हजेरीपट वेगळा, ते कार्यकारिणीचे सदस्य नसतील तर त्यांचं मत मोजू नका.

ध्वनिमुद्रण करा, पण इतिवृत्त लिहून होईपर्यंत ते एकाच माणसाकडे राहू द्या. कच्चं इतिवृत्त सात दिवसांत सदस्यांना पाठवा आणि पत्रकारांना ठरावांची छापील प्रत मंजुरीनंतरच द्या. मसुदा आधी बाहेर गेला आणि बैठकीत एक शब्द बदलला तर दुसऱ्या दिवशी पक्षात फूट असल्याची बातमी येते.

कार्यालय_सचिव

नोटीस उद्या निघते आहे, घटनेत १५ दिवसच आहेत. हिशेबाचं पत्रक आजच रात्री सगळ्या उमेदवारांना पाठवतो. सभागृहासाठी स्वारगेटकडची दोन मंगल कार्यालयं बघायला सकाळी जातोय, तारीख मिळाली की इथे कळवतो.